विश्लेषण : नाताळच्या चित्रपटात नाताळ असतो का? परंपरावादी कॅथलिक कसोटी काय सांगते?

‘होम अलोन’पासून ‘क्लाउस’पर्यंत दर डिसेंबरात तेच चित्रपट पुन्हा पाहिले जातात. बर्फ, झाड, सांता आणि शेवटी डोळ्यांत पाणी. पण ज्यांचा हा सण आहे, त्यांच्यातली जुन्या वळणाची माणसे या चित्रपटांना कसे तपासतात? त्यांची कसोटी इतरांच्या काही उपयोगाची आहे का?

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षी नाताळच्या सुट्टीत वसईच्या एका मित्राच्या घरी गेलो होतो. २४ डिसेंबरची संध्याकाळ. मध्यरात्रीच्या मिस्सेला वेळ होता, म्हणून आम्ही लॅपटॉपवर ‘होम अलोन’ लावला. चोराच्या तोंडावर इस्त्री आदळली आणि आम्ही पोट धरून हसलो. मागे खुर्चीत बसलेल्या मित्राच्या आजीने विचारले, ‘‘नाताळचा पिक्चर लावलाय म्हणालास ना रे? मग यात बाळ येशू कुठंय?’’

मित्र म्हणाला, ‘‘आजी, हा तसला पिक्चर नाय.’’ आजी गप्प बसली. प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. गेली काही वर्षे डिजिटल डेस्कवर डिसेंबर आला की ‘नाताळात पाहावेत असे दहा चित्रपट’ ही यादी मीच करतो. ती करताना दर वेळी आजीचा प्रश्न आठवतो. जगभरातील परंपरावादी कॅथलिक समीक्षक थोड्या जड भाषेत हेच विचारत असतात, हे नंतर वाचनातून कळले.

परंपरावादी कॅथलिक म्हणजे नेमके कोण?

१९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासनेचे रूप बदलले. लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा होऊ लागली. हा बदल ज्यांना मनापासून रुचला नाही, जुन्या लॅटिन मिस्सेला, जुन्या धर्मशिक्षणाला आणि सणांच्या जुन्या शिस्तीला जे धरून राहिले, त्यांना ढोबळमानाने ‘परंपरावादी’ म्हटले जाते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये जुन्या मिस्सेवरील निर्बंध बरेच सैल केले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये ते पुन्हा आवळले. त्यामुळे हा गट आज चर्चमध्ये असूनही थोडा नाराज आहे. अमेरिका आणि फ्रान्समध्ये त्याचा आवाज मोठा आहे.

वसईची आजी या अर्थाने परंपरावादी नाही. तिची मिस्सा मराठीत होते आणि तिला ती मराठीतच हवी असते. पण सण कशासाठी, याबाबत तिचे आणि लॅटिनप्रेमी समीक्षकाचे एकमत होईल. या लेखात ‘परंपरावादी’ हा शब्द याच सैल अर्थाने घेतला आहे: नाताळ म्हणजे देवाने माणूस म्हणून घेतलेला जन्म, आणि बाकी सगळे त्याभोवतीची सजावट, असे मानणारा माणूस.

चर्चने चित्रपट तपासायला कधी सुरुवात केली?

ही परंपरा बोलपटांइतकीच जुनी आहे. हॉलीवूडने काय दाखवावे, काय दाखवू नये याची संहिता १९३० मध्ये तयार झाली. ती लिहिण्यात डॅनियल लॉर्ड हे जेझुइट धर्मगुरू आणि मार्टिन क्विग्ली हे चित्रपट व्यवसायाच्या नियतकालिकाचे कॅथलिक प्रकाशक यांचा मोठा वाटा होता. १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी जोसेफ ब्रीन यांनी केली. तेही कॅथलिकच.

याच सुमारास अमेरिकेतील बिशपांनी ‘लीजन ऑफ डिसेन्सी’ ही संघटना उभी केली. ती चित्रपटांना श्रेणी द्यायची. ‘ए’ म्हणजे आक्षेप नाही, ‘बी’ म्हणजे अंशतः आक्षेपार्ह आणि ‘सी’ म्हणजे निषिद्ध. दर वर्षी डिसेंबरात, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या सुमारास, चर्चमध्ये उभे राहून लोक वाईट चित्रपट न पाहण्याची शपथ घेत. पोप अकरावे पायस यांनी १९३६ मध्ये चित्रपटांवर स्वतंत्र परिपत्रक काढून या मोहिमेची पाठ थोपटली. लाखो कॅथलिक प्रेक्षक एका शब्दावर तिकीटबारीकडे पाठ फिरवू शकतात, हे स्टुडिओंना कळत होते. ‘सी’ मिळू नये म्हणून पटकथा बदलल्या जात, दृश्ये कापली जात.

ही पद्धत कुठे फसली?

१९४७ चा ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ हा नाताळचा लाडका चित्रपट. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात सांता म्हणून उभा राहणारा म्हातारा आपण खरेच सांता आहोत असे सांगतो आणि प्रकरण न्यायालयात जाते. या निरागस चित्रपटाला लीजनने ‘बी’ श्रेणी दिली. कारण काय, तर नायिका घटस्फोटित आहे आणि मुलीला एकटीने वाढवते.

आता गंमत पाहा. परंपरावादी नजरेने या चित्रपटात खरोखर विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच होता. श्रद्धेची बाजू न्यायालयात मांडली जाते, पण ती सांतावरच्या श्रद्धेची. निकाल लागतो तो टपाल खात्याने सांताच्या नावाची पत्रांची पोती न्यायालयात आणून टाकल्यामुळे. म्हणजे सरकारी खात्याने मान्य केले की श्रद्धा खरी ठरते! नाताळच्या कथेत येशू कुठेच नाही. हे सगळे लीजनच्या जाळीतून सहज निसटले आणि अडकली ती बिचारी घटस्फोटित आई.

इंजिनीअर म्हणून मला ही चूक ओळखीची वाटते. चाचण्यांची यादी मोठी असते, प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण होते, पण यंत्र ज्या कामासाठी बनवले ते काम करते का, हा रकानाच यादीत नसतो.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर. रॉबर्टो रोस्सेलिनी यांचा ‘द मिरॅकल’ हा छोटा इटालियन चित्रपट १९५० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये लागला. एका भोळ्या, काहीशा वेडसर शेळ्या राखणाऱ्या बाईला भेटलेला दाढीवाला अनोळखी माणूस संत योसेफ वाटतो. तो तिला दारू पाजतो. पुढे ती गरोदर राहते. गाव तिची टिंगल करते आणि ती एकटीच एका चर्चमध्ये बाळंत होते. लीजनने चित्रपट निषिद्ध ठरवला, कार्डिनल स्पेलमन यांनी त्याच्याविरुद्ध जाहीर आवाहन केले, चर्चच्या माणसांनी चित्रपटगृहासमोर निदर्शने केली. राज्याने परवाना काढून घेतला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये निकाल लागला की चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. ‘ईश्वरनिंदा’ या कारणाखाली चित्रपट अडवता येणार नाही.

थोडक्यात, बंदी मागायला गेलेल्यांनीच अमेरिकी चित्रपटाला मोकळे करून दिले. आणि ज्या चित्रपटात जागा नाकारलेली, हेटाळली गेलेली गरोदर बाई होती, त्यात नाताळची सावली कुणाला दिसली नाही. कॅथलिकांमध्येही तेव्हा या चित्रपटावरून वाद होता, हे सांगायला हवे. चर्चमध्ये सगळे एका सुरात बोलत नव्हते.

पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये ‘आदर्श चित्रपट’ या विषयावर दोन भाषणे केली. चित्रपटाने वाईट दाखवूच नये असे त्यांचे म्हणणे नव्हते. वाईटाचे समर्थन होऊ नये आणि त्यातून माणूस अधिक खोल कळावा, ही अपेक्षा होती. काय दाखवले, यापेक्षा कशासाठी दाखवले, हा प्रश्न तेव्हा चर्चच्याच शिखरावरून आला होता.

मग आजची कसोटी काय?

अशी कुठलीही अधिकृत यादी नाही. पण परंपरावादी दृष्टीने विचार केला तर चार प्रश्न हाती येतात.

पहिला प्रश्न वेळेचा. चर्चच्या पंचांगात नाताळ २५ डिसेंबरला सुरू होतो, संपत नाही. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे. धर्मगुरूंचा झगा जांभळा, सूर संयमाचा. अनेक ठिकाणी या काळात लग्ने टाळण्याची रीत आहे. आपल्याकडे श्रावण पाळून मग गणपती येतात, तसा हा क्रम. नाताळचा आनंद पुढे जानेवारीपर्यंत चालतो, जुन्या रिवाजाप्रमाणे तर २ फेब्रुवारीपर्यंत. चित्रपटांत नेमके उलटे. हॉलमार्क वाहिनीवर ऑक्टोबरातच नाताळाची उलटी गिनती सुरू होते आणि २५ तारखेच्या सकाळी भेटवस्तू उघडल्या की कथा संपते. वाट पाहणे हा भागच गळून पडतो.

दुसरा प्रश्न केंद्राचा. गोष्ट नाताळच्या दिवशी घडते, एवढ्याने ती नाताळची होत नाही. ‘डाय हार्ड’ हा नाताळचा चित्रपट आहे का, यावर दर वर्षी समाजमाध्यमांवर होणारी भांडणे परंपरावाद्याला म्हणूनच पोरकट वाटतात.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: कोण कुणाला वाचवते? कॅथलिक श्रद्धेत माणूस स्वतःच्या बळावर सुटत नाही. कृपा बाहेरून, वरून येते आणि माणसाने ती स्वीकारायची असते. त्यासाठी आधी चूक कबूल करावी लागते. म्हणून ‘स्वतःवर विश्वास ठेव’ हा संदेश देणारा चित्रपट गोड असला तरी तो नाताळच्या कथेच्या अगदी उलट दिशेला जातो.

चौथा प्रश्न सिद्धांताचा. मरिया, योसेफ, देवदूत यांच्याबद्दल चर्च जे शिकवते, त्याला चित्रपट धरून आहे का?

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या कसोटीवर उतरतो का?

सिसिलीत कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या फ्रँक काप्रा यांचा हा १९४६ चा चित्रपट. तेव्हा तो फारसा चालला नाही. १९७४ मध्ये स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी वाहिन्यांना तो जवळजवळ फुकट मिळाला आणि दर नाताळात दाखवून दाखवून तो अमेरिकेच्या घराघरांत पोहोचला.

चौथ्या प्रश्नावर हा चित्रपट सरळ नापास होतो. क्लॅरेन्स हा देवदूत पूर्वी माणूस होता, घड्याळे बनवायचा आणि आता पंख मिळवण्यासाठी धडपडतोय. कॅथलिक शिकवणीनुसार माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. देवदूत ही वेगळीच निर्मिती, शरीर नसलेली. खलनायक पॉटर आठ हजार डॉलर लाटतो आणि शेवटपर्यंत त्याला शिक्षा होत नाही. चित्रपटात येशूजन्माची कथाही कुणी सांगत नाही.

तरीही १९९५ मध्ये चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली, तेव्हा ‘मूल्ये’ या विभागात त्याला जागा मिळाली. परंपरावादी घरांतही तो आवडीने पाहिला जातो. का?

उत्तर तिसऱ्या प्रश्नात आहे. चित्रपट सुरू होतो तो गावातल्या घराघरांतून उठणाऱ्या प्रार्थनांनी. सगळे एकाच माणसासाठी मागणे मागतात. जॉर्ज बेलीने आयुष्यभर स्वतःची स्वप्ने बाजूला ठेवली. प्रवास राहिला, शिक्षण राहिले, वडिलांची छोटी गृहकर्ज संस्था सांभाळत तो गावातच अडकला. आता पैसे हरवलेत, तुरुंग समोर आहे. तू जिवंत असण्यापेक्षा मेलेला जास्त किमतीचा, असे पॉटर त्याला ऐकवतो. तो पुलावर उभा राहतो. तेव्हा क्लॅरेन्स त्याला उपदेश करत नाही. तो स्वतःच पाण्यात उडी टाकतो, आणि जॉर्ज जीव द्यायचे विसरून त्याला वाचवायला धावतो.

मदत वरून आली, पण ती असहाय होऊन, बुडत आली. ज्या धर्मात देव तान्हे बाळ होऊन येतो, त्या धर्माच्या माणसाला या दृश्यात आणखी काय हवे? शेवटी लोक टोपलीभर पैसे आणून ओततात. जॉर्ज स्वतःच्या हिमतीवर काहीच सोडवत नाही. त्याला फक्त घ्यायचे असते. आयुष्यभर देणाऱ्याला घेणे किती जड जाते, हे ज्याने अनुभवलेय त्याला हा शेवट कळतो.

‘होम अलोन’चे काय?

आजीच्या प्रश्नानंतर मी हा चित्रपट नीट पाहिला. १९९० च्या या चित्रपटावर परंपरावादी आक्षेप सहज घेता येतो: मारामारी, उद्धट मूल, ऐषोआरामी घर, सुट्टीसाठी पॅरिस. पण मध्यावर एक दृश्य आहे, ते हसण्याच्या भरात आमच्या लक्षात आले नव्हते.

२४ तारखेच्या संध्याकाळी केविन एकटा चर्चमध्ये जाऊन बसतो. मुलांचे गायनवृंद सराव करत असते. ज्याला तो खुनी समजून घाबरतो, तो शेजारचा म्हातारा मार्ली त्याच्या बाजूला येऊन बसतो. केविन सांगतो, या वर्षी मी फार वाईट वागलो. म्हातारा सांगतो, मुलाशी भांडण झाले, वर्षानुवर्षे बोलणे नाही, नातीला बघायला चोरून इथे येतो. आठ वर्षांचा मुलगा त्याला सांगतो, फोन कर. हे पापनिवेदनाच्या संस्कारासारखेच आहे, फक्त धर्मगुरूच्या जागी एक लहान मूल आहे. दोघेही चूक कबूल करतात, आणि शेवटच्या दृश्यात बर्फात म्हातारा नातीला कवेत घेताना दिसतो. चोरांना पळवून लावण्यापेक्षा ही गोष्ट मोठी आहे.

आणि हो, चोरांपासून लपण्यासाठी केविन चर्चबाहेरच्या गोठ्याच्या देखाव्यात पुतळा होऊन उभा राहतो. आजीचे बाळ त्या चित्रपटात होते. आम्ही पाहिले नव्हते.

सांताच्या चित्रपटांची अडचण कोणती?

सांता मुळात संत निकोलस. चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावचा बिशप. सण ६ डिसेंबरला. त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका आपल्याकडे कुणालाही लगेच कळेल अशी आहे: हुंड्याअभावी ज्यांचे आयुष्य उद्ध्वस्त होणार होते अशा तीन मुलींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या. भेट कुणी दिली हे कळू नये, हा त्यातला गाभा.

२००४ च्या ‘द पोलर एक्सप्रेस’मध्ये सांताची घंटा ज्याचा विश्वास आहे त्यालाच ऐकू येते. मुलाच्या तिकिटावर ‘विश्वास ठेव’ असे छिद्रे पाडून उमटवले जाते. कशावर? विश्वासावरच विश्वास. परंपरावादी पालकांना इथे खरी धास्ती वाटते: मूल दहाव्या वर्षी सांता खोटा आहे हे शिकणार. त्याच आवाजात, त्याच दिव्यांत सांगितलेली दुसरी गोष्ट मग ते कोणत्या कप्प्यात ठेवणार?

२०१९ चा ‘क्लाउस’ मात्र मला इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. सर्जिओ पाब्लोस यांच्या या ॲनिमेशनपटात बिशप नाही, चर्च नाही, संत तर नाहीच. एक आळशी, लाडावलेला पोस्टमन आणि बायकोच्या जाण्याने एकटा पडलेला लाकूडतोड्या. चांगुलपणाचे एक कृत्य दुसऱ्याला जन्म देते, हा त्याचा सांगावा. परंपरावादी म्हणेल, फूल आहे पण मूळ छाटलेले. मला ते निम्मे पटते. पण पोस्टमन जेस्पर स्वतःच्या स्वार्थाची लाज वाटून बदलतो. चूक कळणे, लाज वाटणे, भरपाई करणे. डिकन्सने १८४३ मध्ये स्क्रूजला याच वाटेने नेले होते, आणि डिकन्सला कॅथलिक चर्चबद्दल काडीचे प्रेम नव्हते. पश्चात्तापाची वाट कुणा एकाच्या मालकीची नसते.

थेट येशूजन्मावरचे चित्रपट तरी निर्विवाद?

मुळीच नाही. ‘द नेटिव्हिटी स्टोरी’ या चित्रपटाचा पहिला खेळ २६ नोव्हेंबर २००६ रोजी खुद्द व्हॅटिकनमध्ये झाला. तिथे असा मान मिळालेला तो पहिला कथापट. तरी परंपरावाद्यांनी त्यावर टीका केली. एक आक्षेप असा की मरिया रुसलेल्या किशोरीसारखी वाटते. दुसरा अधिक खोल: तिला बाळंतकळा सोसताना दाखवले आहे. प्रसूतीच्या वेदना हे आदिपापाचे फळ आणि मरिया आदिपापापासून मुक्त, म्हणून तिने वेदनेविना जन्म दिला, अशी जुनी शिकवण आहे. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ मध्ये निघालेल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही ती आहे.

आता याच्या शेजारी पिएर पाओलो पासोलिनी यांचा १९६४ चा ‘द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ ठेवून पाहा. पासोलिनी मार्क्सवादी, स्वतःला नास्तिक म्हणवणारे, त्याआधी धर्माच्या अवमानाबद्दल खटला भरला गेलेले. चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला अर्पण केलेला. सुरुवात अशी: एक तरुण गरोदर मुलगी समोर बघत उभी. तिच्यासमोर योसेफ. कुणी बोलत नाही. तो तिच्या पोटाकडे पाहतो आणि चालू लागतो. सगळा संशय, सगळे दुःख त्या शांततेत. पुढे हेरोदच्या सैनिकांनी केलेली बालकांची कत्तलही येते. चर्चच्या पंचांगात ती २८ डिसेंबरला स्मरली जाते आणि नाताळचे बहुतेक चित्रपट तिच्याकडे वळून पाहत नाहीत. व्हॅटिकनच्या १९९५ च्या यादीत हा चित्रपट ‘धर्म’ विभागात आहे. २०१४ मध्ये व्हॅटिकनच्या मुखपत्राने येशूवरील सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याचा गौरव केला.

म्हणजे व्हॅटिकनच्या सभागृहात दाखवलेला श्रद्धाळू चित्रपट आक्षेपात अडकला आणि नास्तिकाचा चित्रपट मानाच्या पंगतीत बसला. यावरून सिद्धांताची कसोटी फोल ठरते असे मी म्हणणार नाही. मरियेबद्दलची शिकवण ज्यांना पवित्र आहे त्यांना ती दुखावली की बोलण्याचा हक्क आहे. पण त्या एकाच पट्टीने मोजले तर हाती फारसे लागत नाही, हे नक्की.

वसई-गोव्याचा याच्याशी काय संबंध?

संबंध शब्दापासूनच आहे. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आणि त्याचे लॅटिन मूळ ‘जन्म’ या अर्थाचे. मराठीने सणाचे नाव घेतले तेव्हाच जन्म पोटात घेतला.

गोव्यात राहिलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले. सुमारे ११ हजार ओव्या, मराठीत. बायबलची कथा त्यांनी इथल्या लोकांना ओळखीच्या पुराणाच्या घाटात सांगितली. घाट बदलला, भाषा बदलली, केंद्र बदलले नाही. ४०० वर्षांपूर्वीचे हे रूपांतर नाताळचा चित्रपट काढणाऱ्या कुणीही अभ्यासावे असे आहे.

गोठ्याचेही तसेच. असिसीचे संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो गावी गवत, बैल आणि गाढव आणून बेथलेहेमचा देखावा उभा केला. लोकांना डोळ्यांनी दिसावे म्हणून. एका अर्थी नाताळचा पहिला ‘सेट’ तोच. दाखवण्याला परंपरेचा विरोध नव्हताच.

मग निष्कर्ष काय?

माझे मत असे. परंपरावादी कसोटीतला ‘काय दाखवू नये’ हा भाग इतिहासाने खोटा पाडला. त्याने घटस्फोटित आईला पकडले आणि बाजाराला मोकळे सोडले. आजही तसेच होण्याचा धोका आहे. एखाद्या चित्रपटातील एक शब्द, एक पात्र खटकले की मोहीम काढायची, आणि बाकीचे पंचवीस चित्रपट सणाचे दुकान करत असताना गप्प बसायचे.

पण ‘कोण कुणाला वाचवते’ आणि ‘सण कुणासाठी’ हे प्रश्न खरे आहेत. ते विचारायला कॅथलिक असावे लागत नाही. मी नाही. दिवाळीच्या जाहिरातीत फक्त सवलत उरते आणि गणपतीच्या मंडपात मूर्तीपेक्षा फलक मोठा होतो, तेव्हा आपल्यालाही तसेच काहीतरी खटकते. एखाद्या समाजाचा सण सगळ्यांचा होतो, हे चांगलेच. पण त्या समाजाला आपल्याच सणाच्या चित्रपटात आपण दिसेनासे झालो, असे वाटत असेल, तर त्याकडे ‘कट्टर’ म्हणून दुर्लक्ष करणे बरोबर नाही.

त्या रात्रीची एक गोष्ट सांगायची राहिली. ओटीवर मांडलेल्या गोठ्यात मरिया, योसेफ, मेंढपाळ सगळे होते, पण मधली गवताची जागा रिकामी होती. बाळ हरवले का, असे मी विचारले. आजी म्हणाली, ‘‘अरे, त्याला रात्री बारानंतर ठेवायचं असतं. तोवर जागा राखायची.’’

तेव्हापासून नाताळचा चित्रपट पाहताना मी एवढेच पाहतो. काही चित्रपटांत बाळ दिसत नाही, पण मधली जागा राखलेली असते. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ तसा आहे, ‘होम अलोन’मधले चर्चचे ते दृश्यही. काही चित्रपटांत ती जागा भेटवस्तूंनी, सांताने नाहीतर ‘स्वतःवर विश्वास’ ठेवण्याच्या उपदेशाने भरून टाकलेली असते. यंदाची यादी करताना पहिल्या प्रकारचे चित्रपट वर ठेवणार आहे. ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ही यादीत असेल, थोडा खाली. पण घटस्फोटित आईमुळे नाही.